शस्त्र ठेवल्यानंतरचे काम

पदवी हा विद्या अवगत झाल्याचा दाखला असतो. त्या विद्येचे पुढे काय केले, हे विद्यापीठ विचारत नाही, त्याचा जाब पदवीधराला स्वतःलाच द्यावा लागतो. विसाव्या शतकात हा जाब ज्यांनी चारचौघांत दिला, त्यांत रणांगणावरून परतून शांततेच्या कार्यात पडलेल्या सैनिकांची गणना करावी लागते, म्हणून दीक्षान्त प्रसंगी त्यांचा विचार अप्रस्तुत ठरू नये.

व्हिएतनाम युद्ध ऐन भरात असताना, १९६७ मध्ये, ‘व्हिएतनाम व्हेटरन्स अगेन्स्ट द वॉर’ ही माजी सैनिकांची संघटना न्यूयॉर्क येथे स्थापन झाली. २३ एप्रिल १९७१ रोजी वॉशिंग्टनमध्ये संसद भवनासमोर त्यांना अडवण्यासाठी घातलेल्या कुंपणाशी शेकडो सैनिक एकामागून एक आले आणि कोणी आपले नाव, तर कोणी मृत सोबत्याचे नाव ध्वनिक्षेपकावर उच्चारून आपली पदके पलीकडे भिरकावली. छायाचित्रांमुळे हा प्रसंग अजरामर झाला, तथापि संघटनेचे अधिक टिकाऊ कार्य जेथे घडत होते तेथे छायाचित्र काढण्याजोगे काहीच नव्हते.

१९७० च्या अखेरीपासून न्यूयॉर्कमध्ये हे सैनिक नियमित एकत्र बसून आपण काय पाहिले आणि काय केले, ते एकमेकांना सांगू लागले. रॉबर्ट जे लिफ्टन आणि हाइम शाटान हे मनोविकारतज्ज्ञ त्यांत सहभागी झाले, पण वैद्य आणि रुग्ण हा भेद तेथे मुद्दाम पाळला जात नसे. धोका टळल्यावरही तो प्रसंग मनात पुनःपुन्हा जिवंत होणे, झोप उडणे, आप्तांविषयीही मन बधिर होणे, या लक्षणसमूहास १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारशास्त्राने आघातोत्तर तणाव विकार म्हणून मान्यता दिली, आणि त्यामागे या बैठकांचा मोठा वाटा होता. स्वतःच्या अपराधाची कबुली शास्त्राच्या उपयोगी पडावी, असे क्वचितच घडते.

बॉबी म्युलर यांचा मार्ग याहून वेगळा होता. व्हिएतनाममध्ये मणक्याला गोळी लागून ते पांगळे झाले, आणि पुढे त्यांच्या संस्थेने कंबोडियात कृत्रिम पाय बसवण्याचे केंद्र काढले. परंतु जमिनीत पुरलेले भूसुरुंग नवे पांगळे निर्माण करीतच असल्याने केवळ पाय बसवून भागणार नाही, हे उमगल्यावर ही संस्था १९९२ मध्ये भूसुरुंगबंदीच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या संस्थापकांत सामील झाली. १९९७ मध्ये या मोहिमेस नोबेल शांतता पारितोषिक मिळाले आणि बंदीचा करारही त्याच वर्षी झाला, ज्यावर भारताने सही केलेली नाही.

महाराष्ट्रास अधिक जवळचे उदाहरण ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांचे आहे. १९७१ च्या युद्धात ‘बियास’ या युद्धनौकेचे नेतृत्व करून, पूर्व पाकिस्तानच्या सागरी नाकेबंदीतील कामगिरीबद्दल त्यांनी वीरचक्र मिळवले आणि पुढे नौदलप्रमुखपद भूषवले; निवृत्तीनंतर मात्र अलिबागजवळ राहून त्यांनी भारत-पाकिस्तान जनसंवादाचा आणि अण्वस्त्रविरोधाचा पुरस्कार केला. २००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना पाकिस्तानी पत्रकार आय. ए. रहमान यांच्यासोबत विभागून मिळाला.