संदर्भांची संख्या आणि संशोधनाचे मोल



आपल्या घरांतील मुले-मुली आज वैद्यकीय संशोधनाकडे वळत आहेत. त्यांना एकच प्रश्न वारंवार विचारला जातो : निबंध किती आणि इतरांनी त्यांचे संदर्भ किती दिले? नेमणूक व अनुदानही पुष्कळदा याच आकड्यांवर अवलंबून असते. आकडा लहान असला की तरुण मन खचते. त्यांच्यासाठी मी कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांचे स्मरण करतो.

डॉ. डे यांनी सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना बांधून त्यात कॉलऱ्याच्या जंतूंचे गाळलेले, जंतुविरहित द्रावण सोडले. तरीही आतड्यात पाणी भरले. म्हणजे घात करते ते जंतूंनी सोडलेले विष! १९५९ साली हा शोध 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु कित्येक वर्षे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९७८ साली कॉलऱ्यावरील नोबेल परिसंवादाचे निमंत्रण त्यांना आले. १९८५ साली ते निवर्तले. पुढच्याच वर्षी त्यांच्या उपेक्षित कार्यावर सविस्तर लिहिले ते युजीन गारफिल्ड यांनी. विज्ञानातील संदर्भसूचीचे जनक तेच!

संदर्भांची मोजणी निरुपयोगी नव्हे. मात्र निबंध किती जणांच्या उपयोगी पडला एवढेच ती सांगते. तो खरा किती, हे सांगत नाही. म्हणून मुलांना आकडा विचारण्यापूर्वी विचारू या : "बाळा, तू कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधतो आहेस?"