पात्यांचें चाक



डोंबिवलीहून कल्याणला येतांना वाटेंत ठाकुर्ली लागतें. तेथें ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचें चोळा वीजघर होतें. १९२९ सालीं पुण्यापर्यंत विजेच्या गाड्या धावूं लागल्या, त्याच सुमारास तें उभें राहिलें. पुढें तें कायमचें बंद झालें. गाडी विजेवर चाले हें उघड आहे. पण ती वीज कोठून येई? कोळशाच्या आंचेनें पाण्याची वाफ होई, आणि ती वाफ टर्बाइन नांवाचें पात्यांचें चाक फिरवी.

या चाकाचें मर्म साधें आहे. वेगानें आलेला झोत वांकड्या पात्यावर आला कीं त्याला दिशा बदलावी लागते. आणि जें पातें त्याला वळवितें, त्याला उलट धक्का बसतो. त्या धक्क्यानें चाक फिरतें. प्रवाहाची फिरकी जेवढी कमी होते तेवढा पीळ चाकाला मिळतो, हा हिशेब अठराव्या शतकांत ऑयलर या गणितज्ञानें मांडला. तोच हिशेब उलटा वाचला म्हणजे आपल्या घरांतील पंखा आणि विहिरीवरील पंप समजतो. तेथें चाक देतें आणि प्रवाह घेतो.

खोपोलीस १९१५ पासून हेंच काम पाणी करीत आलें आहे. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी नळांतून सुमारें ५०० मीटर खालीं येतें व पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळतें. वाट्यांचा वेग झोताच्या जवळजवळ निम्मा ठेवला, तर पाणी आपलें बहुतेक बळ चाकाला देऊन निमूटपणें खालीं गळतें. वाफेला मात्र असें रितें होतां येत नाहीं. वीजघरांतील उष्णतेचा अर्ध्याहून अधिक भाग थंड पाण्याच्या स्वाधीन करावा लागतो.

मग सारी वीज पाण्याचीच कां करूं नये, असें कोणी विचारील. पण पाण्याची उंचीहि फुकट मिळत नाहीं. मुळशीच्या धरणानें मावळ्यांचीं शेतें व घरें बुडणार होतीं, म्हणून १९२१ सालीं तेथें सत्याग्रह झाला. सेनापति बापट त्याचे पुढारी होते. धरण झालेंच, आणि १९२७ सालीं भिरा येथील चाकें फिरूं लागलीं.

चाक स्वतः बळ निर्माण करीत नाहीं. एकाचें घेऊन तें दुसऱ्याला देतें. घरांतील दिव्याचें बटण दाबतांना हें बळ कोणाच्या पदरचें आलें, एवढें स्वतःला विचारण्याची संवय आपण अवश्य ठेवावी.