चवदार तळ्यावरची एक सकाळ



आपण पाहिलेल्या एखाद्या सोहळ्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी मला सूचना आहे. मी महाडला पाहिलेल्या सोहळ्याविषयी बोलतो.

२० मार्च २००२. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला त्या दिवशी पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. मी तेव्हा सातवीत होतो. अब्बांचे महाडला काही काम होते. मी हट्ट करून बरोबर निघालो. माणगावहून एस.टी.त उभे राहायलाही जागा नव्हती. उतरून पाहतो तो जिकडे तिकडे निळे झेंडे, पांढरी लुगडी आणि भीमगीतांच्या कॅसेटी! माझ्या लेखी ती जत्राच. मात्र खेळण्यांपेक्षा पुस्तकांच्या दुकानांवर गर्दी जास्त, याचे नवल वाटले. आज शिक्षक या नात्याने त्याचा हेवा वाटतो.

तळ्याच्या पायऱ्यांवर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. दोन दिवसांचा प्रवास करून आलेल्या. "लेकरा, एवढी बाटली भरून दे रं," म्हणाल्या. मी भरून दिली. त्यांनी ते पाणी डोळ्यांना लावले आणि माझे नाव विचारले. मी सांगताच अब्बांकडे वळून म्हणाल्या, "तुमच्याच फत्तेखानानं बाबासाहेबांना मांडवाला जागा दिली होती, ठावं हाय ना?"

अब्बांना ठाऊक नव्हते! तळ्यापासून तासाभराच्या वाटेवर आमचे गाव, आणि अक्षरओळख नसलेल्या त्या बाईंकडून आम्हाला ते कळले.

पुढे बी.ए.ला असताना मी हा विषय वाचून काढला. १९२४ मध्ये नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर अनुयायांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले. नंतर त्यांच्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना, ती फत्तेखान यांनी दिली. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडले.

हे वाचून मला अभिमान वाटला, हे कबूल करतो. पण त्याच वाचनात दुसरीही गोष्ट होती. मुसलमानांना त्या तळ्यावर कधीच मज्जाव नव्हता. आमचे वाडवडील महाडच्या बाजाराला जात, तेव्हा तिथे पाणी पीतही असतील. काठावर तहानलेला कोण उभा आहे, इकडे त्यांचे लक्ष गेले असेल काय? फत्तेखानांचे गेले. बाकीच्यांचे?

परतताना एस.टी.त अब्बा बराच वेळ गप्प होते. माणगाव आल्यावर एवढेच म्हणाले, "त्या बाईंचं नाव विचारायचं राहिलं."