लोखंडातील उपकारक दोष



दोष म्हटला की तो काढून टाकावयाचा, अशी आपली समजूत. लातूरसारख्या गुणवत्ता यादीचे कौतुक असणाऱ्या शहरात तर ती अधिकच पक्की! परंतु धातूंच्या राज्यात न्याय निराळा आहे.

लोखंडातील अणू जोंधळ्याच्या तासांप्रमाणे ओळीने मांडलेले असतात. शेत निमुळते झाले की एखादा तास मध्येच संपतो. तशा अर्धवट ओळी लोखंडातही असतात. ताण बसला की ही तूट एकेक पाऊल पुढे सरकते आणि लोखंड न मोडता वाकते. टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी १९३४ साली स्वतंत्रपणे ही उपपत्ती मांडली.

तूट मोकळी सुटली तर लोखंड नरम. तिची वाट अडविली तर कठीण. आपला लोहार तापलेला कोयता पाण्यात बुडवितो तेव्हा कर्बाला बाहेर पडावयास सवड मिळत नाही. तो अणूंच्या मध्ये अडकतो, तुटींची वाट रोखतो आणि धार टिकते. पण फार कडक पाते तडकते, म्हणून लोहार ते पुन्हा किंचित तापवून रंग पाहतो. ही विद्या त्याला कोणत्या पाठ्यपुस्तकाने दिली?

जालन्याच्या कारखान्यांत घराची सळई याच रीतीने तयार होते. लालभडक सळईवर पाण्याचा मारा करतात. बाहेरची साल कडक होते, गाभा मऊ राहतो, आणि गाभ्याचीच धग सालीचा ताठा थोडा उतरविते.

हे मी लातुरात मुद्दाम सांगतो आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. दगड वाकत नाही, ढासळतो. नीट बांधलेल्या काँक्रीटमधली सळई वाकते, आणि वाकता वाकता धक्क्याचा जोर पचविते. भारतीय मानकाप्रमाणे ‘५००’ प्रतीची सळई तुटण्यापूर्वी निदान शेकडा १२ ताणली गेली पाहिजे, ‘५०० डी’ निदान शेकडा १६. त्या ‘डी’ अक्षराची किंमत दुकानदाराशी घासाघीस करताना विसरू नका.

आणि बांधकामावर लक्ष ठेवा. वाकवलेली सळई सरळ करून पुन्हा वाकविली की नव्या तुटी निपजतात, एकमेकींत गुंततात आणि सळई ठिसूळ होते. भट्टीत लाल करून वाकविली तर सालीचा कडकपणाच जातो. गवंडी बिचारा उरलेला तुकडा वाया जाऊ नये म्हणून हे करतो. समजून उमजून गप्प बसणाऱ्या देखरेख्याचा मात्र मला राग येतो. तसली सळई बाजूला काढून नवी मागावी. घराच्या एकंदर खर्चात तिची किंमत ती काय!