हाताच्या पोहोचेतले यंत्र : बोटीच्या इंजिनावर रिमोट ऑइल फिल्टर बसवण्याविषयी

यंत्राचे आयुष्य धातूवर, घडणीवर आणि इंधनावर अवलंबून असते ही गोष्ट सर्वमान्य आहे. परंतु मनुष्याचा हात त्या यंत्राच्या कोणत्या भागापर्यंत सहज पोहोचतो ह्यावर ते त्याहून अधिक अवलंबून असते, आणि यंत्ररचनेच्या विचारात ह्या गोष्टीला जे मध्यवर्ती स्थान मिळावयास हवे ते अद्याप मिळालेले नाही, हे ह्या व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे. त्याच्या समर्थनार्थ एक अगदी मर्यादित काम निवडले आहे, ते म्हणजे बोटीच्या इनबोर्ड इंजिनावर रिमोट ऑइल फिल्टर बसवणे. इनबोर्ड इंजीन म्हणजे बोटीच्या मागे टांगलेले नव्हे, तर तिच्या पोटात पक्के बसवलेले इंजीन. आणि रिमोट ऑइल फिल्टर म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवरील मूळ जागेवरून काढून, दोन होज पाइपांच्या साहाय्याने, हात पोहोचेल अशा ठिकाणी नेलेला फिल्टर.

इंजिनात ऑइलचा फेरा कसा होतो हे वाहन बाळगणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असल्याने त्याचा विस्तार येथे केलेला नाही. चेंबरमधील, म्हणजे इंजिनाच्या तळच्या भांड्यातील, ऑइल पंप ओढून घेतो, ते फिल्टरमधून गाळले जाते आणि मग बेअरिंगांकडे जाते, एवढे स्मरण पुरेसे आहे. मात्र फिल्टरमधील ऑइलची दिशा ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे. ऑइल डब्याच्या कडेच्या छिद्रांतून आत शिरते, कागदी घड्यांमधून आतल्या बाजूस गाळले जाते आणि मधल्या नळीतून बाहेर पडते. कडेच्या छिद्रांवर आतून रबराची एक झडप असते; इंजीन बंद झाल्यावर ऑइल मागे ओघळून डबा रिकामा होऊ नये हे तिचे काम. दुसरी झडप बायपासची. फिल्टर तुंबला तर गाळलेले नसले तरी चालेल, पण ऑइल बेअरिंगांपर्यंत गेलेच पाहिजे, ह्या तत्त्वाने ती उघडते.

फिल्टर अडचणीच्या जागी का असतो, ह्याचे उत्तर इंजिनाच्या जन्मात सापडते. अमेरिकेतील तलावांवर आणि किनाऱ्यांवर धावणाऱ्या असंख्य इनबोर्ड बोटींत शेव्हर्लेचे ‘स्मॉल ब्लॉक’ हे आठ सिलिंडरांचे पेट्रोल इंजीन वापरले गेले. ते 1955 साली मोटारगाडीसाठी जन्मले, आणि 1967 पासून त्याचा 350 घन इंचांचा, म्हणजे 5.7 लिटरचा, अवतार निघाला. हे इंजीन बोटीसाठी सिद्ध करताना एग्झॉस्टच्या नळकांड्यांभोवती पाणी खेळवले जाते, बाहेरचे पाणी ओढणारा पंप आणि निराळा गिअरबॉक्स जोडला जातो. पण ब्लॉक तोच राहतो, आणि ब्लॉकवरील फिल्टरची जागाही तीच राहते, म्हणजे मागच्या अंगाला, खाली. गाडीत ही जागा उत्तमच होती, कारण गाडी जॅकवर उचलता येते आणि मेकॅनिक तिच्याखाली सरकू शकतो. बोटीला मात्र असे खालचे अंग नसते. इंजिनाखाली बिल्ज असते, म्हणजे बोटीच्या तळातील पाणी साचण्याची खोलगट जागा, आणि तिच्याखाली थेट समुद्र.

परिणामी फिल्टर बदलणाऱ्याला पालथे पडून, तापलेले नळकांडे आणि तुळई ह्यांच्या फटीतून एकच हात खाली घालावा लागतो. पाना फिरवण्यास जागा नसते. घट्ट बसलेल्या डब्यात स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून तो फिरवण्याचा उपाय मग केला जातो, डबा फाटतो, आणि त्यातील काळे ऑइल बिल्जमध्ये सांडते. तेथून स्वयंचलित पंप ते पाण्यात फेकतो. जहाजांपासून होणारे प्रदूषण रोखणाऱ्या मारपोल ह्या आंतरराष्ट्रीय कराराने यंत्रकक्षातून बाहेर जाणाऱ्या पाण्यातील तेलाला दहा लाखांत 15 भाग एवढी मर्यादा घातली आहे, आणि अमेरिकेत 26 फूट व त्याहून लांब बोटींवर तेल न सांडण्याची ताकीद देणारा फलक लावणे बंधनकारक आहे. परंतु ज्या जागी हात शिरत नाही त्या जागेवर फलकाचा अंमल चालत नाही. ह्याहून मोठी हानी दिसत नाही अशी आहे: जे काम इतके त्रासाचे आहे ते पुढे ढकलले जाते. ऑइल बदलले जाते आणि फिल्टर जुनाच राहतो, आणि नोंदवहीत मात्र दोन्हींची खूण केली जाते.

येथे विषयाला थोडे वळण देऊन आपल्या किनाऱ्याकडे पाहणे अगत्याचे आहे. भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे ह्यांच्यात 1952 साली करार झाला आणि केरळातील नींदकरा येथे मासेमारी नौकांच्या यांत्रिकीकरणाचा प्रकल्प उभा राहिला, हा इतिहास परिचित आहे. पश्चिम किनाऱ्यावर शिडाच्या जागी इंजीन आले, आणि 1875 साली बांधलेल्या मुंबईच्या ससून डॉकपासून रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापर्यंत बंदरांचा आवाज बदलला. ह्या परिवर्तनात मालकाचे नाव लिहिले गेले, सहकारी संस्थांचे आणि सरकारी योजनांचेही लिहिले गेले; परंतु इंजिनाजवळ बसणाऱ्या माणसाचे, ज्याला बोटीवर ड्रायव्हर म्हणतात त्याचे, नाव कोणी लिहिले नाही. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, वारा, पाणी आणि मासळीचा ठाव पाहतो. ड्रायव्हर मात्र डिझेलच्या वासात, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, कमरेत वाकून, गेजचा काटा पाहत राहतो, आणि किनाऱ्यापासून कित्येक मैलांवर इंजीन बंद पडले तर सर्व खलाशांचे प्राण त्याच्या बोटांवर येऊन ठेपतात. (टाळ्या) ट्रकसाठी घडवलेल्या इंजिनांचे बोटींसाठी केलेले रूप ह्या किनाऱ्यावरही चालत आले आहे, आणि तेथेही तोच प्रश्न उभा राहतो. 1 जून ते 31 जुलै ह्या मासेमारीबंदीच्या 61 दिवसांत बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, लाकडी भाग उघडले जातात आणि इंजिनाची सर्व कामे सुखाने होतात; अडचण येते ती हंगामात, भर समुद्रात. त्या वेळी फिल्टर काढण्यासाठी बोटीवरील सर्वांत बारीक हाताचा खलाशी पुढे केला जातो, आणि पुढील हंगामात तोही अंगाने भरून आलेला असतो. (हशा) हसण्याजोग्या ह्या गोष्टीत रचनेचा मोठा दोष सांगितलेला आहे: ज्या यंत्राची निगा एका विशिष्ट मनगटाच्या जाडीवर अवलंबून आहे, ते यंत्र अपुरे घडवलेले आहे.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळता येईल. तिचे घटक चार आहेत: ब्लॉकवर मूळ फिल्टरच्या जागी बसणारा अडॅप्टर, दोन होज पाइप, नव्या जागी बसवण्याचा फिल्टर हेड, म्हणजे ज्यावर डबा फिरवून घट्ट करावयाचा ती धातूची बैठक, आणि स्वतः फिल्टर. पहिली काळजी आट्यांची आहे. फिल्टरच्या आट्या पाऊण इंच व्यासाच्या आणि इंचाला 16 अशा असू शकतात, किंवा 20 मिलिमीटर व्यासाच्या आणि दीड मिलिमीटर अंतराच्या असू शकतात. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर, त्यामुळे 20 मिलिमीटरचा डबा पाऊण इंची खुंटीवर सैलसर चढतो, बसल्यासारखा वाटतो, आणि थंड ऑइलचा दाब चढताच उडून जाण्याचा धोका राहतो. म्हणून डबा केवळ चढतो एवढ्यावर न थांबता त्याचा क्रमांक तपासला पाहिजे.

दुसरी काळजी दिशेची. अडॅप्टर आणि हेड ह्या दोहोंवर आत आणि बाहेर अशा खुणा असतात. अडॅप्टरचा बाहेरचा मार्ग हेडच्या आतल्या मार्गाला जोडावयाचा असतो. पाइप उलटसुलट झाले तर ऑइल मधल्या नळीतून शिरते आणि कडेची रबरी झडप, जी मागे ओघळणारे ऑइल अडवण्यासाठी ठेवलेली आहे, तीच त्याची वाट बंद करते. बेअरिंगांना ऑइल मिळत नाही. तिसरी काळजी बायपासची, आणि ती जाणत्यांच्याही नजरेतून सुटते. शेव्हर्लेच्या ह्या आठ सिलिंडरांच्या इंजिनात बायपासची झडप डब्यात नसून ब्लॉकमधील बैठकीत असते. लांब पाइप जोडल्यावर त्या झडपेला फिल्टरचा आणि पाइपांचा असा एकत्रित विरोध जाणवतो, ती वेळेआधी उघडते, आणि नवा फिल्टर झळकत असतानाच न गाळलेले ऑइल आतल्या आत फिरत राहते. अशा इंजिनात मूळ झडप बंद करणारा अडॅप्टर निवडून, बायपासची सोय हेडमध्ये किंवा डब्यात करून घ्यावी लागते.

चौथी काळजी पाइपांची. नळीतून संथपणे वाहणाऱ्या द्रवाला होणारा विरोध लांबीच्या प्रमाणात वाढतो, परंतु व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो; म्हणून 12 मिलिमीटरऐवजी 9 मिलिमीटर आतल्या व्यासाचा पाइप घेतल्यास विरोध तिपटीहून अधिक होतो. पाइप मोठ्या आतल्या व्यासाचे आणि शक्य तितके आखूड असावेत, गरम ऑइलसाठी आणि दाबासाठी बनवलेले असावेत, त्यांची टोके यंत्रावर दाबून पक्की केलेली असावीत. पाण्याच्या पाइपाला लावतात तो स्क्रूचा क्लॅम्प येथे चालत नाही. तांब्याची नळी देखणी दिसते, पण सततच्या थरथरीने ती कठीण होत जाऊन तडकते. इंजीन रबरी पायांवर हलत असते आणि हेड भिंतीला स्थिर असतो, म्हणून पाइपाला थोडी ढील द्यावी, तो पट्टा, शाफ्ट आणि एग्झॉस्टपासून दूर ठेवावा, आणि जेथे टेकेल तेथे रबरी अस्तराच्या पट्टीने धरावा. हेड अशा रीतीने बसवावा की डबा तोंड वर करून खाली लोंबेल. मग तो काढताना भरलेला असूनही सांडत नाही, आणि नवा बसवण्यापूर्वी भरून घेता येतो.

(सभागृहातील काही श्रोत्यांनी ह्या ठिकाणी शंका उपस्थित केली.) शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर पूर्णपणे देणे कर्तव्य आहे. आक्षेप असा की, मूळ रचनेत एकच रबरी सील होते. आता दोन पाइपांची चार टोके आणि अडॅप्टरचा एक सांधा असे गळतीचे पाच नवे संभव निर्माण झाले, आणि पाइप फुटला तर पंप चेंबरमधील चार-पाच लिटर ऑइल एका मिनिटाच्या आत बिल्जमध्ये ओतू शकतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच आवाज करणारा ऑइल दाबाचा अलार्म नसलेल्या बोटीवर ही जोडणी करू नये. परंतु आक्षेप घेणारे दोन धोक्यांची तुलना अपुरी करतात. नव्या सांध्यांचा धोका दिसणारा आहे, तो दररोज डोळ्यांनी आणि फडक्याने तपासता येतो. न बदललेल्या फिल्टरचा धोका झाकलेला आहे, आणि बेअरिंग झिजेपर्यंत तो कोणासही कळत नाही. जो धोका पाहता येतो तो पत्करून न दिसणारा टाळणे, ह्यालाच विवेक म्हणतात. जेथे फिल्टर मुळातच समोर आणि मोकळा आहे, तेथे मात्र ही जोडणी अनावश्यक होय. आग्रह पाइपांचा नसून हाताच्या वाटेचा आहे.

अध्यक्षांकडून वेळेची चिठ्ठी आली असल्यामुळे इंजीन प्रथम सुरू करण्याचा विधी संक्षेपाने सांगणे भाग आहे, जरी तो ह्या विषयाचा सर्वांत नाजूक भाग असला तरी. एक मीटर लांबीच्या आणि 12 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात सुमारे 113 मिलिलिटर ऑइल मावते. असे दोन पाइप म्हणजे पाव लिटरच्या जवळपास, आणि एवढे ऑइल चेंबरमधून कमी होणार हे धरून चालावे. फिल्टर भरून बसवावा, इंजीन पेटणार नाही अशी व्यवस्था करून स्टार्टरने ते थोडे थोडे फिरवावे, आणि गेजवर दाब दिसेपर्यंत पेटवू नये. ज्या बोटीचे थंड करण्याचे पाणी एग्झॉस्टमधून बाहेर पडते, तिच्यात इंजीन न पेटता फिरत राहिले तर पाण्याचा पंप पाणी ओढत राहतो, धुराचा जोर नसल्याने ते बाहेर जात नाही, आणि शेवटी सिलिंडरांत शिरू शकते. म्हणून तेवढा वेळ बाहेरच्या पाण्याची तोटी बंद ठेवावी, आणि पेटवण्यापूर्वी न विसरता उघडावी. मग काही मिनिटे संथ गतीने चालवून प्रत्येक सांधा कोरड्या फडक्याने पुसून पाहावा, इंजीन बंद करून डिपस्टिक तपासावी आणि उणे भरून काढावे. गाळलेल्या ऑइलच्या तपासणीविषयीचे आणि दुहेरी फिल्टरविषयीचे दोन मुद्दे वेळेअभावी सोडावे लागत आहेत.

एक मागणी मात्र सोडता येणार नाही. बोट बांधून घेणारा मालक इंजिनाची अश्वशक्ती विचारतो, डिझेलचा खप विचारतो, लाकूड ठोकून पाहतो. त्याने ह्यापुढे आणखी एक गोष्ट मागावी. बांधणाऱ्याने सर्व फळ्या बसवल्यानंतर, बोट पाण्यात असताना, त्या बोटीच्या ड्रायव्हरकडून ऑइल फिल्टर, पाण्याच्या पंपाचे इंपेलर आणि डिझेल फिल्टर असे तिन्ही काढून पुन्हा बसवून घ्यावेत. हे काम एक थेंबही न सांडता आणि कातडी न सोलता पार पडले तरच शेवटचा हप्ता द्यावा, आणि न पडल्यास बांधणाऱ्याकडून हाताची वाट करून घ्यावी. पैसा मालकाच्या हाती असतो तोवरच रचना बदलते. त्यानंतर तिची किंमत ड्रायव्हरला मोजावी लागते.