चार पौंड तांबे : कॉपरमाइन नदीकाठचा भूविज्ञानाचा धडा

1771 सालच्या जुलै महिन्यात सॅम्युअल हर्न हा इंग्रज दर्यावर्दी कॅनडाच्या उत्तरेला, ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, कॉपरमाइन नदीच्या मुखाशी पोचला. हडसन उपसागराच्या काठचा प्रिन्स ऑफ वेल्स किल्ला त्याने आदल्या वर्षी 7 डिसेंबरला सोडला होता. याआधीचे दोन प्रयत्न वाटेतच फसले होते. या खेपेला चिपेवायन लोकांचा पुढारी माटोनाबी बरोबर होता, म्हणूनच पायी केलेला तो प्रचंड प्रवास तडीला गेला. हर्नला पाठवले होते हडसन्स बे कंपनीने, आणि कंपनीला हवे होते तांबे. किल्ल्यावर व्यापाराला येणारे लोक तांब्याच्या वस्तू आणत आणि सांगत, की तिकडे इतके तांबे आहे, जहाजाच्या तळाशी भार म्हणून दगडांऐवजी तेच भरावे.

नदीच्या मुखापासून साधारण 50 किलोमीटरवर ती ‘खाण’ होती. तिथे दिसला तो फुटक्या दगडांचा आणि खडीचा पसारा. सगळ्यांनी मिळून जवळजवळ चार तास शोध घेतला. हाती नाव घेण्याजोगा एकच तुकडा लागला, वजन चार पौंडांहून थोडे अधिक, म्हणजे दोन किलोच्या आतबाहेर.

या प्रवासाला रक्ताचा डागही आहे. हर्नच्या वृत्तांतानुसार, त्याच्या सोबतच्या माणसांनी नदीवरच्या धबधब्यापाशी झोपलेल्या इन्युइट कुटुंबांवर हल्ला करून वीसहून अधिक जणांना ठार मारले. तो धबधबा आजही ‘ब्लडी फॉल्स’ म्हणूनच ओळखला जातो. तांब्याचा इतिहास सांगताना या माणसांना वगळून पुढे जाता येत नाही.

हर्नने तिथली एक लोककथाही टिपून ठेवली आहे. तांब्याची जागा प्रथम एका स्त्रीला सापडली आणि ती वर्षानुवर्षे लोकांना तिथे नेत राहिली. पुढे काही पुरुषांनी तिचा छळ केला, तेव्हा ती तांब्यावरच बसून राहिली आणि हळूहळू जमिनीत खचू लागली. ती कमरेपर्यंत खचली तेव्हा तांबे कमी झाले होते. ती पूर्ण दिसेनाशी झाली, तेव्हा वर उरले फक्त विखुरलेले लहान तुकडे. वरचे तांबे थोडे आणि सुटे आहे, हे निरीक्षण या कथेत अचूक उतरले आहे. ते तसे का आहे, याचे उत्तर खडकात शोधावे लागते.

सह्याद्रीच्या घाटात वावरलेल्या माणसाला तो खडक परका वाटणार नाही. कॉपरमाइनच्या परिसरात थरावर थर चढलेला बेसॉल्ट आहे, आपल्या दख्खनसारखाच भेगांतून उसळून दूरवर पसरलेल्या लाव्ह्याचा. फरक वयाचा. दख्खनचे थर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे, तर तिथले सुमारे 127 कोटी वर्षांपूर्वीचे. त्याच उद्रेकाच्या वेळी भूगर्भात उभ्या घुसलेल्या लाव्ह्याच्या भिंती, म्हणजे मॅकेन्झी डाइक, कॅनडाच्या भूमीत पंख्यासारख्या पसरल्या असून त्यांचा माग दोन हजार किलोमीटरच्याही पुढे लागतो. नदीकाठच्या लाव्ह्याच्या थरांची एकत्रित जाडी तीन किलोमीटरच्या घरात जाते.

बेसॉल्टमध्ये तांबे असतेच, पण अगदी थोडे : ढोबळमानाने एका टनात 100 ग्रॅम. हे क्षुल्लक वाटेल. मात्र एक घन किलोमीटर बेसॉल्टचे वजन सुमारे तीन अब्ज टन भरते, म्हणजे तेवढ्यात तीन लाख टन तांबे झाले. ते इतके विखुरलेले असते, की नुसता खडक फोडून काढणे कुणालाही परवडणार नाही. निसर्गाने ते आधी गोळा करून ठेवले असेल, तरच त्याला खनिज म्हणून किंमत येते.

गोळा करण्याचे काम पाण्याने केले. लाव्हा थंड होताना त्यातले वायू वर सरकतात आणि प्रत्येक थराचा माथा पोकळ्यांनी भरून जातो. पुढे हे थर खोल गाडले गेले. तिथल्या उष्णतेने तापलेले खारट पाणी खडकातून झिरपताना तांबे विरघळवून सोबत नेऊ लागले आणि योग्य जागा मिळाली तिथे ते पोकळ्यांत व भेगांत सोडत गेले. दख्खनच्या पोकळ्यांतही पाण्यानेच खनिजे भरली. जळगावकडचे झिओलाइटचे स्फटिक आणि पुण्याजवळच्या वाघोलीचा निळा कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत, ते त्याचमुळे.

मग तांबे कुठे धातूच्या रूपात आणि कुठे संयुगाच्या रूपात का सापडते? कळीची गोष्ट गंधकाची. उघड्या जमिनीवर वाहणाऱ्या लाव्ह्यातला बराच गंधक वायू होऊन हवेत निघून जातो. गंधकच नसला, की पाण्यातले तांबे निखळ धातू म्हणून खाली बसते. उलट, भ्रंशांच्या भेगांत जिथे गंधक मिळाला, तिथे कॅल्कोसाइट आणि बोर्नाइट या गंधकयुक्त संयुगांच्या शिरा तयार झाल्या. कॅल्कोसाइटमध्ये वजनाने जवळजवळ 80 टक्के तांबेच असते. पुढे हिमयुगात बर्फाच्या जाड थराने हा सारा प्रदेश खरवडला. दगड फुटून भुगा झाले, चिवट तांबे मात्र न फुटता खडीत पसरले. हर्नला सापडले ते अशाच पसाऱ्यातले.

हाच सगळा घटनाक्रम अमेरिकेत सुपीरियर सरोवराकाठच्या किविनॉ द्वीपकल्पातही घडला. तिथला लाव्हा सुमारे 110 कोटी वर्षांपूर्वीचा. पण तिथे लाव्ह्याच्या थरांमध्ये गोट्यांच्या पिंडाश्माचे सच्छिद्र पट्टे होते आणि थरांचे माथेही चांगलेच भेगाळलेले होते. पाण्याला मोठ्या वाटा मिळाल्या, तांबे एकेका पट्ट्यात साठत गेले. 1845 ते 1968 या काळात किविनॉतून सुमारे 50 लाख टन तांबे निघाले. कॉपरमाइनकडे 1960 च्या दशकात खाणकंपन्यांनी धाव घेऊन खाणहक्कासाठी हजारो खुंट्या ठोकल्या. तिथल्या सर्वांत परिचित साठ्यात सुमारे 40 लाख टन धातुक आणि त्यात तीन टक्क्यांच्या आसपास तांबे आढळले. प्रमाण उत्तम होते, पण साठा लहान. रस्ता नाही आणि समुद्र वर्षातला बराच काळ गोठलेला. खाण सुरू झालीच नाही.

तरीही या तांब्याला क्षुल्लक म्हणणे हा अन्याय ठरेल. किनाऱ्यावरच्या इन्युइट लोकांनी पिढ्यानपिढ्या ते न वितळवता नुसते ठोकून सुऱ्या, बाणांची टोके आणि भाल्यांची पाती घडवली. शिंगाच्या मुठीत तांब्याचे पाते, तांब्याच्याच खिळ्यांनी जोडलेले. 1914 ते 1916 या काळात मानववंशशास्त्रज्ञ डायमंड जेनेस त्यांच्यात राहिला. बाहेरच्या जगाने त्यांना ‘कॉपर इन्युइट’ हेच नाव दिले. कंपनीच्या वहीत चार पौंडांचा तुकडा म्हणजे तोटा होता. शिकारीवर जगणाऱ्या कुटुंबाला तेवढ्यात कित्येक हत्यारे मिळत.

नदीच्या मुखावरच्या कॉपरमाइन गावाचे नाव 1996 मध्ये बदलून कुग्लुक्टुक झाले. 1993 च्या नुनावुत करारामुळे तिथल्या जमिनीच्या निर्णयांत इन्युइट लोकांना अधिकाराची जागा मिळाली आहे. दरम्यान भूवैज्ञानिकांचे लक्ष लाव्ह्याच्या वर साचलेल्या गाळखडकांकडे वळले आहे. किविनॉजवळच्या व्हाइट पाइन खाणीत खालून वर चढलेले तांबे गाळाच्या शेलमध्ये अडकून मोठा साठा झाला होता. कॉपरमाइनचे तांबेही तसेच वर गेले असेल, तर चार पौंडांचा हिशेब नव्याने मांडावा लागेल. आणि खाण काढायची की कॅरिबू हरणांच्या वाटा मोकळ्या ठेवायच्या, या प्रश्नाला कुग्लुक्टुकच्या लोकांना सामोरे जावे लागेल.