शब्द जुने, अर्थ नवे
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



संगणकाच्या तासाला आपली मुले ‘फाईल’, ‘पॅच’, ‘बग’ हे शब्द पाढ्यांसारखे पाठ करतात. इंग्रजी मुलाला ते पाठ करावे लागत नाहीत, कारण ते त्याच्या घरातलेच असतात. आपल्या मुलांना संगणकाचे जे भय वाटते, त्यातले निम्मे माझ्या मते येथूनच येते.

‘फाईल’च घ्या. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ धागा. पूर्वी युरोपात कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवीत. आपला किराणा दुकानदार बिले तारेला अडकवतो, तीच ही फाईल! पुढे हे नाव पुठ्ठ्याला मिळाले आणि नंतर यंत्रात साठवलेल्या माहितीला. आपल्या भाषेलाही हे नवे नाही. ‘दफ्तर’ हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ नोंदवही. पेशवे दफ्तर म्हणजे कागदपत्रांचा संग्रह. तोच शब्द ‘दप्तर’ होऊन आज पहिलीतल्या पोराच्या पाठीवर आहे. त्यासाठी कोणतीही परिभाषा समिती बसली नव्हती.

‘पॅच’ म्हणजे ठिगळ. जुन्या यंत्रांना छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून सूचना देत. छिद्र चुकले की त्यावर खरोखरच ठिगळ चिकटवीत. ‘ठिगळ’ म्हटले की मुले हसतात, पण विसरत नाहीत.

‘बग’ म्हणजे कीडा. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क-२ यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला व तो नोंदवहीत चिकटवला गेला, हे खरे. परंतु शब्द तेथूनच निघाला असे जे सांगतात, ते बरोबर नाही. एडिसनने १८७८ च्या पत्रात यंत्रातील दोषाला हाच शब्द वापरला होता.

आणि खुद्द ‘कॉम्प्युटर’? तो आधी माणसाचा हुद्दा होता. १९४५ साली अमेरिकेत एनिॲक यंत्रासाठी निवडलेल्या सहा स्त्रिया त्यापूर्वी तोफांच्या माऱ्याची आकडेमोड करीत, आणि त्यांनाच ‘कॉम्प्युटर’ म्हणत. मुलीला संगणक कशाला, असे विचारणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगतो.

येत्या वर्षी सातवीच्या मुलांकडून अशा शब्दांची वही करून घेण्याचा विचार आहे. शब्द कोठून आला, आपल्याकडे ती वस्तू कोठे दिसते, एवढेच प्रत्येक शब्दापुढे लिहायचे. ज्यांचे दुकान, शिवणकाम किंवा गॅरेज आहे अशा पालकांनी मुलांना ह्या कामी थोडा वेळ द्यावा, ही विनंती.